पहिले कलम

१७ सप्टेंबर १७८७, सोमवार. फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रत सह्यांसाठी तयार होती. पेनसिल्व्हेनिया विधानसभेतला साहाय्यक कारकून जेकब शॅलस याने शनिवार-रविवारी बसून चार मोठ्या चर्मपत्रांवर ती सुबक अक्षरात उतरवली होती. या कामाचे त्याला ३० डॉलर मिळाले. मजकुरावरचे वाद शनिवारीच मिटले होते. तरीही सह्या होण्याआधी मॅसॅच्युसेट्सचे नॅथॅनिएल गोरम उठले आणि त्यांनी एक बदल सुचवला. प्रतिनिधिगृहात दर ४०,००० लोकांमागे फार तर एक सदस्य असावा असे ठरले होते. ते प्रमाण दर ३०,००० लोकांमागे एक करावे, असे त्यांचे म्हणणे होते. जॉर्ज वॉशिंग्टन जवळजवळ चार महिने घटना परिषदेच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून सगळ्यांचे ऐकत होते, पण मसुद्यातल्या कोणत्याही मुद्द्यावर बाजू घेऊन बोलले नव्हते. त्या दिवशी ते उभे राहिले. आपल्या जागेवरच्या माणसाने मत देऊ नये हा संकेत आपण पाळत आलो, पण सभागृह एवढे लहान राहिले तर लोकांच्या हक्कांचे रक्षण पुरेसे होणार नाही, असे परिषदेतल्या अनेकांना वाटते आणि आपल्यालाही तसेच वाटते, असे ते म्हणाले. बदल एकमताने मान्य झाला. शॅलसने लिहिलेला 'चाळीस' हा शब्द खरवडून तिथे 'तीस' लिहिले गेले. पहिल्या पानाच्या पंधराव्या ओळीतल्या या खाडाखोडीची नोंद प्रतीच्या शेवटी रीतसर केलेली आहे.

१७ सप्टेंबर हा दिवस अमेरिका संविधान दिन म्हणून पाळते. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने या दिवशी राज्यघटनेवर काहीतरी शिकवावे, असा २००४ पासून तिथे नियम आहे. सार्वभौम जनता, मर्यादित सरकार, सत्तेची विभागणी, संघराज्य, स्वतंत्र न्यायालये ही तत्त्वे मुलांकडून त्या दिवशी घोकून घेतली जातात. ती खरी आहेत आणि मुलांना ती यायलाच हवीत. पण या तत्त्वांचा सगळा भार ज्या एका गृहीतावर उभा आहे, त्याबद्दल या दिवशी फारसे बोलले जात नाही. ज्याला जो अधिकार दिला, तो त्याने स्वतः राखायचा आणि दुसऱ्याला नेऊ द्यायचा नाही, हे ते गृहीत. आज अमेरिकी राज्यव्यवस्थेला जे दुखणे जडले आहे ते नेमके इथले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. राष्ट्राध्यक्ष बलदंड झाला, ही अर्धीच हकीकत झाली. त्याला बळ कोणी दिले हे शोधायला गेले की वाट काँग्रेसच्या दारात येऊन थांबते.

घटनेच्या सात कलमांपैकी पहिले कलम काँग्रेसचे, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांचे आहे. तेच सर्वांत लांब असून मूळ मजकुराचा जवळजवळ अर्धा भाग त्याने व्यापला आहे. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या कलमात येतो, न्यायालये तिसऱ्यात. कर बसवणे, कर्ज काढणे, परदेशांशी होणाऱ्या व्यापाराचे नियम करणे, परक्यांना नागरिकत्व कसे मिळेल ते ठरवणे, सैन्य उभारणे, युद्ध पुकारणे हे सारे पहिल्या कलमात आहे. तिजोरीतला एक डॉलरही काँग्रेसच्या मंजुरीवाचून बाहेर काढता येत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे.

ही वाटणी सहज झालेली नव्हती. १ जूनला पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी कार्यकारी सत्ता एकाच माणसाकडे द्यावी असा प्रस्ताव मांडला, तेव्हा सभेत कोणीच काही बोलेना. राजाच्या जाचातून सुटून फार वर्षे झाली नव्हती, आणि ती जागा ज्यांच्याकडे जाणार हे सगळ्यांना कळत होते ते वॉशिंग्टन समोरच बसलेले होते. अखेर वयोवृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनी सभासदांना विनंती केली की प्रश्न मोठा आहे, मनात असेल ते मोकळेपणी बोला. मग वाद झाला आणि एकच राष्ट्राध्यक्ष असावा असे ठरले, पण त्याच्या हाती काय द्यायचे नाही याबद्दल ती माणसे पक्की होती. १७ ऑगस्टला युद्धाचा विषय निघाला. साउथ कॅरोलिनाच्या पिअर्स बटलर यांनी युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्षालाच द्यावा असे सुचवले. त्यावर एल्ब्रिज गेरी म्हणाले की, प्रजासत्ताकाच्या सभेत असा प्रस्ताव आपल्या कानावर पडेल असे कधी वाटले नव्हते. जॉर्ज मेसन यांना युद्धाची वाट अडवायची होती आणि शांततेची मोकळी करायची होती. शेवटी असे ठरले की हल्ला अचानक झाला तर तो राष्ट्राध्यक्षाने परतवावा, युद्ध सुरू करायचे की नाही हे मात्र काँग्रेसने ठरवावे. ११ वर्षांनी, १७९८ मध्ये, त्या सभेतलेच एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी थॉमस जेफरसन यांना लिहिलेल्या पत्रात यामागचे कारण उघड सांगितले आहे. युद्धाची सर्वांत जास्त ओढ कार्यकारी सत्तेलाच असते, म्हणून घटनेने तो प्रश्न मुद्दाम, विचारपूर्वक विधिमंडळाच्या स्वाधीन केला.

आता त्या खाडाखोडीच्या परिच्छेदाविषयी, कारण तो बाजूला ठेवून या दिवसाविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दर ३०,००० लोकांमागे एक सदस्य ही सुधारणा ज्या परिच्छेदात झाली, त्याच परिच्छेदात लोकसंख्या मोजताना गुलामांना तीन-पंचमांश धरावे असे लिहिले आहे. गुलामगिरीचा उल्लेख मात्र त्यात नाही. 'इतर सर्व व्यक्ती' एवढेच म्हटले आहे. लोकांच्या हक्कांसाठी सभागृह मोठे करणाऱ्या त्या सभेने माणसांचे हिशेब असे मांडले, आणि गुलामांच्या मालकांना काँग्रेसमध्ये जास्तीच्या जागा मिळवून दिल्या. हा डाग पुसायला यादवी युद्ध व्हावे लागले. १८६५, १८६८ आणि १८७० च्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, कायद्याचे समान संरक्षण दिले, वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. या तिन्ही दुरुस्त्यांच्या शेवटी एकाच आशयाचे वाक्य येते. याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार काँग्रेसला राहील, असे ते सांगते.

महाराष्ट्राने त्या काळी हे सारे बारकाईने पाहिले होते. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी स्वार्थ सोडून झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. त्या वर्षी गुलामीत जन्मलेले जोसेफ रेनी साउथ कॅरोलिनाचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसत होते. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने हजारो मैलांवरच्या त्या लढ्यात आपल्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची आशा पाहिली. त्याला ती आशा देणारी काँग्रेस कामाला लागलेली काँग्रेस होती. पुढे चार वर्षांत उत्तरेचा उत्साह मावळला, दक्षिणेतून सैन्य काढून घेतले गेले आणि त्या दुरुस्त्या बहुतेक कागदावर राहिल्या. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा करून काँग्रेसने पुन्हा हात घातला, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. अधिकार आहे तोच. तो वापरला की काय होते आणि टाकून दिला की काय होते, याचा याहून ठसठशीत दाखला त्या देशाच्या इतिहासात नाही.

गंमत अशी की घटनाकारांना सर्वांत जास्त धास्ती काँग्रेसचीच होती. घटना मंजूर व्हावी म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी 'पब्लियस' या नावाने ८५ लेख लिहिले. त्यांत मॅडिसन वारंवार बजावतात की प्रजासत्ताकात विधिमंडळच सगळे अधिकार स्वतःकडे ओढून घेईल. म्हणून तर त्याचे दोन तुकडे केले, दोघांच्या निवडणुका वेगळ्या ठेवल्या, राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार दिला. माणसे देवदूत नसतात, तेव्हा एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनेच आवर घालावा, हा त्यांचा हिशेब होता. त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती. काँग्रेसचा सदस्य आपल्या सभागृहाच्या मानापेक्षा आपल्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या यशाची जास्त काळजी करू लागेल, हे फिलाडेल्फियातल्या कोणाच्या ध्यानात आले नाही. तोवर आजच्यासारखे पक्ष जन्माला आलेच नव्हते.

तरीही पक्षापुढे सभागृह उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. १९३६ च्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. सिनेटच्या ९६ जागांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे होत्या. सर्वोच्च न्यायालय आपले कायदे रद्द करते म्हणून न्यायाधीशांची संख्या नऊवरून पंधरापर्यंत नेता येईल असे विधेयक त्यांनी १९३७ च्या फेब्रुवारीत आणले. ते त्यांच्याच पक्षाच्या सिनेटरांनी अडवले. न्यायविषयक समितीच्या अहवालाने त्यावर इतके कडक आसूड ओढले की पुन्हा कोणी असे विधेयक आणण्याचे धाडस करू नये. २२ जुलैला सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी ते समितीकडे परत पाठवून गाडून टाकले. त्या सिनेटरांपैकी अनेकांना रूझवेल्ट यांची धोरणे मान्य होती. त्यांनी आपल्या नेत्याला नाही म्हटले ते घटनेसाठी.

यानंतर १९५२ सालाकडे बघावे लागते. एकाच महिन्यात एक फार शहाणपणाचा शब्द उच्चारला गेला आणि त्याच महिन्यात तो विसरलाही गेला.

कोरियात युद्ध चालू होते. ते काँग्रेसने पुकारलेले नव्हते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९५० मध्ये सैन्य धाडले आणि काँग्रेस गप्प बसली. १९५२ च्या एप्रिलमध्ये पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला. युद्धाला पोलाद कमी पडेल म्हणून ८ एप्रिलला ट्रुमन यांनी देशातले पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. असा अधिकार देणारा कायदा नव्हता. उलट, संपाच्या वेळी कारखाने ताब्यात घेण्याची मुभा द्यावी का, यावर काँग्रेसने पाच वर्षांपूर्वी विचार करून ती नाकारलेली होती. कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले होते. तरीही २ जून १९५२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल ट्रुमन यांच्या विरोधात लागला. कायदा करणे हे काँग्रेसचे काम आहे, राष्ट्राध्यक्षाने आदेशाने कायदा करू नये, असे न्या. ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. ट्रुमन यांना निकाल अजिबात पटला नाही, पण कारखाने त्यांनी लगेच परत केले. संप झाला, तो सात आठवड्यांहून जास्त चालला.

या निकालात न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचे स्वतंत्र मत आहे. अमेरिकेत कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ते आजही वाचतो. जॅक्सन हे रूझवेल्ट यांचे ॲटर्नी जनरल होते, न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझींविरुद्ध अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता होते. सत्ता आतून कशी चालते आणि बेबंद झाली की कुठे पोचते, ही दोन्ही टोके त्यांनी जवळून पाहिली होती. काँग्रेसची संमती असते तेव्हा राष्ट्राध्यक्षाचे बळ सर्वांत जास्त, तिच्या इच्छेविरुद्ध तो वागतो तेव्हा सर्वांत कमी, आणि काँग्रेस काहीच बोलत नाही तेव्हा मधला धूसर प्रदेश, अशी त्यांची मांडणी आहे. आम्हाला त्या मतातला शेवटाकडचा इशारा त्याहून मोलाचा वाटतो. काँग्रेसच्या बोटांतून तिचा अधिकार निसटू लागला, तर तो धरून ठेवणे फक्त काँग्रेसच्या हातात आहे, न्यायालय तिच्यासाठी ते करू शकणार नाही, असे जॅक्सन सांगतात.

या निकालाला महिनाही झाला नव्हता. २७ जून १९५२ रोजी काँग्रेसने परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचा नवा कायदा केला. देशवार कोट्यांमुळे दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांवर अन्याय होतो म्हणून ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला होता. तो दोन-तृतीयांश बहुमताने मोडून काँग्रेसने कायदा संमत केला. राष्ट्राध्यक्षाला न जुमानता केलेल्या या कायद्यात काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाला काय द्यावे? कोणत्याही वर्गातल्या परदेशी व्यक्तींचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असे त्याला वाटले, तर त्याने घोषणा काढून तो थांबवावा किंवा त्यावर अटी घालाव्यात, आणि त्याला योग्य वाटेल तेवढा काळ ते चालावे. अशा शब्दांत मर्यादा शोधूनही सापडत नाही. परदेशी माणसांच्या प्रवेशाचे नियम करणे हे अमेरिकेत काँग्रेसचे काम मानले गेले आहे. तिने ते एका वाक्यात देऊन टाकले.

त्या वाक्याची झळ मराठी घरांनी सोसली आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी, संविधान दिनानंतर दोनच दिवसांनी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारी घोषणा केली. अंमल दोन दिवसांत सुरू होणार होता. सुट्टीवर, आजारी आईवडिलांना भेटायला, लग्नकार्याला भारतात आलेल्या अनेकांनी मिळेल त्या विमानाचे परतीचे तिकीट काढले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की शुल्क नव्या अर्जांनाच लागू आहे, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. तोपर्यंत कित्येक घरांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या घोषणेला आधार होता १९५२ च्या कायद्यातल्या त्याच तरतुदीचा. शुल्क असावे की नसावे यावर मतभेद होऊ शकतात, अमेरिकी कामगारांचीही बाजू आहे. पण लाखो माणसांच्या संसारावर परिणाम करणारा निर्णय समितीत चर्चेला आला नाही, त्यावर कोणाची साक्ष झाली नाही, कोणा सदस्याला त्यावर मत द्यावे लागले नाही. एका शुक्रवारी सही झाली आणि रविवारी अंमल. पहिले कलम नेमके हेच टाळण्यासाठी लिहिले होते.

याच कायद्यातून आणखी एक प्रकरण उभे राहिले, आणि त्यातला माणूस भारतीय वंशाचा होता. जगदीश राय चढ्ढा केनियात जन्मले, पारपत्र ब्रिटिश, आणि १९६६ मध्ये ते शिकायला अमेरिकेत आले. १९७२ मध्ये व्हिसा संपला. केनिया त्यांना आपले मानायला तयार नव्हता, ब्रिटनचे दारही सहज उघडत नव्हते. १९७४ मध्ये एका न्यायाधिकाऱ्याने त्यांच्या परिस्थितीचा विचार करून हद्दपारी स्थगित केली. कायद्यात मात्र अशी सोय होती की स्थगितीच्या प्रत्येक प्रकरणाची माहिती काँग्रेसला द्यायची, आणि दोन्हींपैकी कोणत्याही एका सभागृहाने ठराव करून ती उलटवावी. १९७५ च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहात ३४० नावांपैकी सहा जणांविरुद्ध ठराव आला. चढ्ढा त्यांत होते. ठराव छापलेला नव्हता, मतदानाच्या वेळी सदस्यांच्या हाती नव्हता. चर्चा झाली नाही, कोणी कसे मत दिले याची नोंद झाली नाही. सहा माणसांना देशाबाहेर काढण्याचा निर्णय असा झाला.

चढ्ढा लढले. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही सोयच घटनाबाह्य ठरवली. कायद्याचा परिणाम घडवायचा असेल तर दोन्ही सभागृहे आणि राष्ट्राध्यक्षाची सही हा घटनेतला मार्ग आहे, त्यात आडवाट नाही, असे सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिले. चढ्ढा यांना न्याय मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण न्या. व्हाइट यांनी भिन्नमतात दाखवून दिले की जवळजवळ २०० कायद्यांत काँग्रेसने अशीच सोय करून ठेवली आहे. राष्ट्राध्यक्षाला मोठे अधिकार द्यायचे आणि ठरावाने परत खेचायला एक दोरी हाती ठेवायची, अशी ती पद्धत होती. न्यायालयाने दोरी कापली. ज्या अधिकारांना ती बांधलेली होती ते राष्ट्राध्यक्षाकडेच राहिले, आणि काँग्रेसने ते पुन्हा तपासून परत घेण्याचे काम बहुतेक ठिकाणी केलेच नाही.

१९७६ चा आणीबाणी कायदा हे त्याचे ठळक उदाहरण. राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी जाहीर केली की वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले अनेक विशेष अधिकार जागे होतात. दोन्ही सभागृहांच्या साध्या ठरावाने ती संपवता येईल, असे मूळ कायद्यात होते. चढ्ढा निकालानंतर, १९८५ मध्ये, त्या ठरावाला राष्ट्राध्यक्षाची सही लागेल असा बदल करावा लागला. म्हणजे ज्याने आणीबाणी लावली त्यानेच ती उठवायला संमती द्यायची. त्याने नकार दिला तर दोन-तृतीयांश बहुमत जमवायचे. २०१९ मध्ये हे प्रत्यक्ष घडले. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी मागितलेला सगळा पैसा काँग्रेसने दिला नाही, तेव्हा ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर करून दुसऱ्या कामांचा पैसा तिकडे वळवला. प्रतिनिधिगृहाने २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटने ५९ विरुद्ध ४१ मतांनी आणीबाणी संपवण्याचा ठराव केला. सिनेटमध्ये १२ रिपब्लिकनांनी आपल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिले. १५ मार्चला ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहात तो मोडायला २४८ मते मिळाली, ती पुरली नाहीत. दोन्ही सभागृहांचे बहुमत नको म्हणत असताना आणीबाणी चालू राहिली.

हे एका पक्षाचे पाप नाही. जो बायडेन यांनी विद्यार्थ्यांच्या कर्जमाफीचा सुमारे ४०० अब्ज डॉलरचा निर्णय २००३ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन केला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. बराक ओबामा यांनी २०११ मध्ये लिबियातले हवाई हल्ले १९७३ च्या युद्धाधिकार कायद्याने दिलेल्या ६० दिवसांपलीकडे नेले आणि याला लढाई म्हणत नाहीत असा युक्तिवाद केला. युद्धाच्या बाबतीत तर काँग्रेसने शेवटची रीतसर घोषणा १९४२ च्या जूनमध्ये केली आहे. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. व्हिएतनामची दारे उघडणारा १९६४ चा टोंकिन आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, सिनेटमध्ये मोर्स आणि ग्रूनिंग एवढे दोघेच विरोधात गेले. २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बळ वापरण्याची मुभा मागितली गेली, तेव्हा बार्बरा ली एकट्या नाही म्हणाल्या. ही मुभा कोऱ्या चेकसारखी आहे, अशी त्यांची भीती होती. पुढची २० वर्षे दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या मुभेचा आधार घेत, ज्या संघटना त्या दिवशी अस्तित्वातही नव्हत्या त्यांच्याविरुद्ध हल्ले केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही मेख ७५ वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखली होती. १९१३ ते १९१६ ही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढली. अमेरिकेची घटना त्यांना पुस्तकातून आणि प्रत्यक्ष, दोन्ही रीतींनी ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी भारताच्या घटनेचा मसुदा मांडताना अध्यक्षीय पद्धत का घेतली नाही हे त्यांनी सांगितले. कार्यकारी सत्तेत स्थैर्यही हवे आणि जबाबदारीही हवी. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त आहे, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त आहे. अमेरिकेत सरकारची झडती ठरावीक मुदतीने, निवडणुकीत होते. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास यांमधून ती रोज होते. मसुदा समितीने रोजची झडती पसंत केली. अर्थात सभागृह बसले, प्रश्न विचारले गेले आणि उत्तर देणारा जागेवर असला तरच ती झडती होते, हे दिल्लीत आणि मुंबईतही लक्षात ठेवावे लागेल.

अमेरिकेच्या काँग्रेसला रोजची झडती घेता येत नाही असे मात्र नाही. वॉटरगेट घोटाळ्याच्या वर्षांत तिने ते करून दाखवले. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षाच्या युद्धाधिकाराला मुदत घालणारा कायदा निक्सन यांचा नकाराधिकार मोडून संमत झाला. मंजूर पैसा राष्ट्राध्यक्षाने अडवून ठेवू नये यासाठी १९७४ मध्ये कायदा झाला. सिनेटच्या समितीने दूरचित्रवाणीसमोर साक्षी घेतल्या, राष्ट्राध्यक्षाच्या संभाषणांच्या ध्वनिफिती मागितल्या. शेवटी ७ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांच्याच पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स व्हाइट हाउसमध्ये गेले आणि सिनेटमध्ये तुमच्यामागे पुरेशी मते उरलेली नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितले. दोन दिवसांनी निक्सन पायउतार झाले. महाभियोगाचे मतदान सिनेटपर्यंत जावे लागले नाही. गोल्डवॉटर १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, पक्षातल्या उजव्या फळीचे दैवत होते. त्यांच्यासारख्या माणसाने पक्षापेक्षा सभागृहाला मान दिला, म्हणून मॅडिसन यांचा हिशेब त्या ऑगस्टमध्ये बरोबर आला.

वॉशिंग्टन यांनी ज्या सभागृहासाठी मौन सोडले त्यात आज ४३५ सदस्य आहेत आणि २०२० च्या जनगणनेनुसार एकेक सदस्य सरासरी ७ लाख ६० हजारांहून अधिक लोकांसाठी बसतो. ही संख्या वाढवावी का, हा निराळा वाद आहे. आहे त्या ४३५ जणांनी करण्याजोगे एक काम मात्र समोर आहे. २०१९ मध्ये युटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी आणीबाणी कायद्यात दुरुस्ती सुचवली. तिचे नावही त्यांनी पहिल्या कलमावरून ठेवले होते. राष्ट्राध्यक्षाने लावलेली आणीबाणी ३० दिवसांनी आपोआप संपावी, काँग्रेसने मतदान करून मान्यता दिली तरच पुढे चालावी, एवढेच त्यात होते. आज आणीबाणी थांबवायला दोन-तृतीयांश मते जमवावी लागतात. ही दुरुस्ती झाली तर ती चालू ठेवण्यासाठी राष्ट्राध्यक्षाला बहुमत मागावे लागेल, आणि महिन्याभराच्या आत काँग्रेसला विषय हाती घ्यावा लागेल. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. १९५२ च्या प्रवेशबंदीच्या तरतुदीलाही अशीच मुदत घालावी. मतदान नोंद करून व्हावे, म्हणजे चढ्ढांच्या ठरावासारखे न छापलेल्या कागदावर उरकता येणार नाही. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात आता मराठी मतदार थोडेथोडके नाहीत. दर दोन वर्षांनी प्रतिनिधिगृहाचे उमेदवार त्यांच्या गणेशोत्सवाच्या मंडपातही मते मागायला येतात. त्यांना या दोन दुरुस्त्यांवर तुमचे मत काय पडेल, हे तिथेच, चारचौघांत विचारावे.